कुर्ल्यांची कानटोपी

लग्न ठरायच्या आधीच मी माझ्या थोरल्या भावाला हळद लावली आणि तशा पिवळ्या तोंडाने त्याला मुलगी बघायला घेऊन गेले. मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं.

नातवंडांना ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आले. अर्ध्या गोष्टीत मी बरी दिसते. पण आता माझ्यावर रागावण्याचा हक्क असलेली माणसं राहिली नाहीत, आणि जी राहिलीत त्यांना ऐकायला कमी येतं. तेव्हा पूर्ण सांगायला हरकत नाही.

अठ्ठावन्न-एकोणसाठचा सुमार असेल. आमचं घर मालवणजवळच्या कट्टा गावापासून आत, चालत जायच्या अंतरावर. वडील आम्ही लहान असतानाच गेले. दादा प्राथमिक शाळेत मास्तर. माझ्या दोन मोठ्या बहिणींची लग्नं त्यानेच केली. ती करता करता त्याचं स्वतःचं वय पुढे गेलं आणि कपाळावरचे केस मागे गेले. मग कुठे पत्रिका जुळेना, कुठे मुलीकडच्यांना मुंबईचा जावई हवा असे. दोन-तीन ठिकाणी नकार आला, तेव्हा दादा एक दिवस जेवता जेवता म्हणाला की आता बेळगावचं स्थळ आलंय तेवढं बघू, नंतर ह्या घरात हा विषय नको. आवाज चढवला नाही, भातही टाकला नाही. म्हणूनच आई घाबरली. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "ह्या नाय जमला, तर तो परत खंय बघूक जावचो नाय."

बेळगावची मंडळी मूळची सावंतवाडीकडचीच. मुलीच्या वडिलांचं तिथे काजू-सुपारीचं दुकान. पत्रिका जुळली होती. उरलं होतं ते फक्त जाऊन मुलगी बघणं आणि तोंडाने हो म्हणणं. आईला गाडी लागत असे, कट्ट्याचा बाजार मागे पडेपर्यंतच ती अर्धी व्हायची. म्हणून जायचं ठरलं ते दादाने, मामाने आणि बायकांच्या बाजूने मी. मी तेव्हा सतरा-अठराची होते. बायकांची बाजू इतकी पडती कधीच नसेल.

आता माझ्याविषयी. माझ्या हातात कला आहे असं मला वाटत असे. दुसऱ्या कोणाला तसं वाटत नव्हतं, पण ते माझ्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, कारण मी सतत खाली मान घालून काहीतरी विणत असे. आमच्या दाराला माझं मण्यांचं तोरण होतं, उशीवर माझा भरलेला पोपट होता, आणि घरात रेडिओ नसताना रेडिओवर घालायचा विणलेला रुमाल होता. रेडिओ आला की धावपळ नको म्हणून मी तो आधीच करून ठेवला होता. रेडिओ बऱ्याच वर्षांनी आला. रुमाल त्याला तोकडा झाला.

लोकरीचं विणकाम मला गावात बदलून आलेल्या तलाठ्याच्या बायकोने शिकवलं. ती घाटावरची. तिच्या गावी थंडी पडायची, तेव्हा तिचं विणणं समजण्यासारखं होतं. आमच्याकडे माघात पहाटे अंगावर गोधडी ओढली की थंडी संपते. तरीही तिने मला सुलट टाका, उलट टाका आणि दोन रंगांचं विणणं शिकवलं. दोन रंगांत एक धागा पुढे विणायचा आणि दुसरा मागून सैल सोडून न्यायचा, एवढंच ते. तिची बदली झाली तेव्हा ती सुया घेऊन गेली. मी वडिलांच्या मोडक्या छत्रीच्या काड्या काढून दगडावर घासून सुया केल्या. वडिलांची तेवढीच इस्टेट माझ्या वाट्याला आली.

तर दादाचं सगळं अंग धड होतं, कान सोडून. कानाला वारा लागला की त्याचं नाक भरून येई आणि तो 'म'च्या जागी 'ब' म्हणू लागे. बेळगावची गाडी आंबोली घाटातून जाते. माघातलं पहाटेचं आंबोलीचं धुकं म्हणजे ओलं फडकं तोंडावर मारल्यासारखं. उतरल्यावर दादा मुलीच्या वडिलांना 'तुबचं दुकान बोठं आहे' म्हणणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मामा म्हणाला, डोक्याला पंचा गुंडाळ. मी म्हटलं, मुलगी बघायला जाताना पंचा गुंडाळून जायला आपण काय काजू उतरवायला चाललोय? मी कानटोपी विणते. दोन रंगांची.

घरात लोकर नव्हती. मालवणच्या बाजारात विचारलं तर दुकानदाराने मला नीट बघून घेतलं आणि विचारलं, "लोकर? घोंगडी होयी काय गो?" शेवटी मुंबईच्या काकांनी कधीतरी पाठवलेला कोणा साहेबाचा जुना पांढरा स्वेटर मी उसवला. रिठ्याच्या पाण्यात धुतला, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून वाळवला. लोकर झाली, पण पांढरी. दोन रंगांच्या टोपीला निदान दोन रंग लागतात.

कट्ट्याला रंगाच्या पुड्या मिळत. लुगडी रंगवायला बायका त्याच आणत. पण जे सगळ्यांना मिळतं ते मला चालत नसे. आई म्हणाली, रंगच हवा तर मच्छीमार जाळ्यांना लावतात ती साल उकळ. "तो समुद्रातसुद्धा जाणा नाय." मी आईकडे कीव आल्यासारखं पाहिलं. भावाच्या डोक्यावर जाळ्याचा रंग घालून त्याला बेळगावला न्यायचं, म्हणजे मुलीकडच्यांनी बांगडे कुठे ठेवलेत असं विचारावं.

माझी युक्ती वेगळी होती. हळदीत बुडवली की लोकर पिवळी होते. त्याच पिवळ्या लोकरीला चुन्याची निवळी लावली की ती लाल होते. एका डब्यातून दोन रंग. हे सुचलं तेव्हा मला घाम फुटला, इतका आनंद झाला. वास्तविक कपाळाला कुंकू लावणाऱ्या कोणत्याही बाईला ते हळद-चुन्याचंच असतं हे माहीत होतं. पण शोध लावणाऱ्याला आधी चौकशी करायची सवय नसते.

आईने वर्षाची म्हणून कुटून ठेवलेली नवी हळद मी डब्यासकट न्हाणीच्या चुलीवरच्या टोपात ओतली. आई दारात उभी राहून बघत होती. हळद तिची होती, पण काम दादाचं होतं, म्हणून ती अडवत नव्हती. एवढंच म्हणाली, "गो, पाणी गाळून घे. नायतर सगळी भुकटी लोकरीत बसान रवतली."

मी गाळलं नाही. माझा हिशेब असा की गाळलं तर रंग फडक्याला लागणार. फडक्याला रंग कशाला द्यायचा? जितकी हळद आत राहील तितका रंग पक्का. ह्या विचारात चूक कुठे आहे हे मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पोपटाची उशी दाखवली असती.

अर्धी लोकर पिवळी झाली, झेंडूसारखी. अर्धी चुन्यात घालून काढली, ती पिकलेल्या काजूच्या बोंडासारखी लाल झाली. आईसुद्धा बघत राहिली. माझी बोटं दोन दिवसांत पिवळी झाली, पण माघ महिना होता, घरोघर हळदीकुंकू चाललेलं, गावातल्या सगळ्याच बायकांची बोटं पिवळी होती. रंग हाताला लागतोय म्हणजे सुटतोय, हे कळायला ती एक खूण पुरेशी होती. मी तिला सौभाग्याचं लक्षण समजले.

विणायला बसले. पिवळ्या जमिनीवर लाल कमळांची रांग, असं मनात होतं. पहिल्या खेपेला मागचा धागा ओढून नेला, त्यामुळे टोपी आखडली आणि सोललेल्या नारळाला बसेल एवढी झाली. उसवली. दुसऱ्यांदा धागा सैल सोडला. दादाचं डोकं मापाला मागायची मला लाज वाटली, म्हणून पेजेच्या मडक्यावर मापली. मडकं आणि दादा ह्यांत फारसा फरक निघाला नाही. कानांवर येतील अशा दोन पाळ्या काढल्या, आणि पाळ्यांच्या टोकांना बांधायचे बंद, बंदांच्या टोकांना लाल-पिवळे गोंडे. गोंडे कोणी मागितले नव्हते.

दादाला टोपी दाखवली. त्याने ती हातात धरून सगळीकडून फिरवली. म्हणाला, "कुर्ल्यो बऱ्यो दिसतत."

खेकडे नव्हेत, ती कमळं होती. पाकळ्या बाहेर वळलेल्या, खाली देठांच्या दोन-दोन रेघा. मी पुन्हा पाहिलं तर मलाही नांग्या दिसायला लागल्या, तेव्हा मी पाहणं बंद केलं. त्या दिवशी मी दादाशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

निघालो त्या पहाटे आईने दादाच्या डोक्याला तेल थापलं. आमच्याकडे शुभ कामाला निघताना डोक्यावर तेल नसलं तर माणूस सुतकात आहे असं दिसतं. घरचं खोबरेल, नुकतं गाळलेलं. आईच्या घरात सगळं गाळलेलं असे. ते कपाळावरून ओघळायला लागलं तेव्हा तिने पदराने टिपलं आणि वर माझी टोपी चढवली. बंद हनुवटीखाली मी बांधले. मागे उभी राहून बघितलं. मला त्या वेळी जे वाटलं ते लिहायला नको.

सावंतवाडीला गाडी बदलली. घाट सुरू झाला आणि मला कळलं की आईचं गाडी लागणं घराण्यात आहे. आंबोली येईपर्यंत मी पुढच्या बाकावर डोळे मिटून, मांडीवर पिशवी धरून बसले होते. मामा मागे झोपला होता. दादा खिडकीशी. खिडकीचं कापड फाटलेलं होतं आणि सगळं धुकं त्याच्या डोक्यावर येत होतं. टोपी भिजली. भिजली तसं आतलं तेल वर आलं आणि वरची हळद आत गेली. हळद, खोबरेल, थोडं पाणी. नवरदेवाला लावायला आमच्याकडे हेच कालवतात. फक्त त्यासाठी पाच सुवासिनी लागतात. इथे मी एकटीने काम केलं, आणि तेही पुढच्या बाकावर झोपून.

बेळगावला उतरलो तेव्हा उन्हं वर आली होती, तरी थंडी होती. दादाने टोपी काढली नाही. म्हणाला, घरी पोचू दे. त्याचा 'म' शाबूत होता, म्हणजे टोपीने आपलं काम केलं होतं. ते मी मामाला दोनदा ऐकवलं. पाळ्या आणि गोंड्यांच्या मधून दादाचं नाक आणि डोळे तेवढे दिसत होते, आणि गाडी लागल्यामुळे मला त्या वेळी सगळं जगच पिवळं दिसत होतं.

मुलीचं घर दुकानाच्या मागे. वडील दारात आले, नमस्कार झाले. ओसरीवर मुलीची आजी पानाचा डबा घेऊन बसली होती. कंबरेतून वाकलेली, पण नजर अशी की सुपारीचं कातरणही सुटू नये. दादा उंबऱ्याशी थांबला, गोंडे सोडले आणि टोपी काढली.

कानांपासून गळ्यापर्यंत दादा पिवळा होता. नुसता पिवळा नव्हे, तेलाने चकाकणारा. मानेवरून ओघळ सदऱ्याच्या कॉलरमध्ये गेले होते. आणि कपाळावर, जिथे लाल कमळांची रांग येत होती, तिथे कुंकवाचा आडवा पट्टा. सगळ्यात नीट तेच उठलं होतं.

वडिलांनी पाट दिले. आम्ही बसलो. दादाला काही माहीत नव्हतं. तो खुशीत होता. समोरच्या भिंतीवर आरसा होता, त्यात त्याने सहज पाहिलं. मग त्याने टोपीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग त्याने टोपी घडी करून गुडघ्यावर ठेवली आणि त्यावर हात ठेवला.

आजीने पान तोंडात सरकवलं आणि विचारलं, "झिला, हळद लावन खंयसून इलंस?"

विचारण्यात राग नव्हता. पण ओसरीवरची हवा बदलली. एका मुलीशी लग्न ठरवून, तिथली हळद अंगावर घेऊन दुसरीकडे हुंडा बोलायला जाणारे लोक असतात, हे त्यांनीही ऐकलं असणार. दादाने टोपीवरचा हात आणखी दाबला. उत्तर द्यायचं तर 'बहिणीने केलं' म्हणावं लागलं असतं, आणि बहीण शेजारी बसली होती.

मामाला खरं काय ते माहीत नव्हतं, पण मामा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. त्याला खोटं बोलायचं असलं की तो मालवणी सोडून कचेरीतलं शुद्ध बोले. त्याने घसा साफ केला.

"तसं काही नाही. किंचित कावीळ आहे. उतरणीला लागली आहे."

वडिलांनी पाट थोडा मागे घेतला.

नेमकी तेव्हा मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. उंच, सावळी, लांब वेणी, तेल लावून घट्ट घातलेली. तिने पोहे ठेवले, दादाकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून बसली. मामाने शिक्षण विचारलं, तिने सांगितलं. स्वयंपाकाचं विचारलं, तेही सांगितलं. सगळं शाळेतल्या धड्यासारखं, स्वच्छ पुस्तकी मराठीत. पण वडिलांकडून एकही प्रश्न येईना. दादा पोहे खात होता. काविळीच्या माणसाला तेलकट चालत नाही हे मामाच्या लक्षात आलं आणि त्याने दादाची बशी हळूच आपल्याकडे ओढली. वडिलांनी तेही पाहिलं.

आईचं वाक्य मला आठवत होतं. ह्या नाय जमला, तर. मला निघताना ताकीद होती की मुलीच्या घरी तोंड उघडायचं नाही. ती मी पाळली असती तर बरं दिसलं असतं. शिवाय, खरं सांगते, बोलायचं म्हणजे माझा रंग कच्चा निघाला हे चार लोकांसमोर म्हणायचं. भावाचा संसार एका बाजूला आणि माझी टोपी दुसऱ्या बाजूला, आणि मला विचार करावा लागला. फार नाही. पण लागला.

उठले आणि आजीच्या डब्यातला चुना बोटावर घेतला. दादाच्या कानाच्या पाळीला लावला. पाळी लालभडक झाली.

"कावीळ चुन्याने लाल होणा नाय," मी म्हटलं. "ही हळद आसा."

एवढं बोलून मी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच आनंदलं नव्हतं. मामाने डोळे मिटून घेतले होते. मग माझ्या डोक्यात शिरलं की मी काय केलं. माझा भाऊ आजारी नाही, त्याला फक्त कुठेतरी हळद लागली आहे, हे मी पुराव्यासकट सिद्ध करून दिलं होतं.

वडील शांतपणे म्हणाले की आम्हाला आधी कळवलं असतं तर आपला गाडीखर्च तरी वाचला असता.

"टोपयेची हळद ती," मी म्हटलं. आता आवाज फाटला होता. "टोपी मिया रंगयली. आवशीन गाळूक सांगलेला. मिया गाळूक नाय."

वडिलांचा विश्वास बसला नाही. टोपीने माणूस असा कसा माखेल, आणि कपाळावर कुंकू कसं येईल, असं ते मामाला विचारू लागले. मामाला तर टोपीला हळद लावतात हेच नवीन होतं. तो माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला की पुन्हा कावीळ म्हणावं का.

तेव्हा मुलगी उठली. दाखवायला बसवलेल्या मुलीने आपणहून उठायचं नसतं, आजही नसतं, तेव्हा तर नव्हतंच. तिने पुढे होऊन दादाच्या गुडघ्यावरची टोपी उचलली. दादाने हात काढून घेतला. तिने आधी दोन्ही तळवे आपल्या तेल लावलेल्या केसांवरून फिरवले, मग टोपी त्या तळव्यांमध्ये धरून चोळली, ताक घुसळावं तशी. मग टोपी बाजूला ठेवून दोन्ही हात वडिलांसमोर धरले. एक तळवा पिवळा. दुसऱ्यावर पिवळ्यात लाल.

वडील हात बघत राहिले.

आजीने टोपी ओढून घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. म्हातारी लग्न होऊन वाडीकडून घाटावर गेली ती बेळगावचीच झाली होती. तिथे मासळी येई ती कालची, नाहीतर परवाची, आणि कुर्ली तर तिने कित्येक वर्षांत पाहिली नसावी. ती टोपीवरून बोट फिरवत होती.

"गो, ह्यो कुर्ल्यो मां?"

मी दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"होय," मी म्हटलं. "कुर्ल्यो."

कमळं तिथे मेली. मी त्यांना परत कधी वर काढलं नाही.

आजीने एकेका कुर्लीला हात लावून पाहिला. मग नातीचे पिवळे हात आपल्या हातात घेतले. आमच्याकडे नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडे नेतात आणि तिला लावतात. ती उष्टी हळद. ती लागली की मुलगी अर्धी सासरची. आजी मुलीच्या वडिलांकडे वळून म्हणाली, "नवऱ्याची उष्टी हळद पोरीच्या हाताक लागली. आता इचारूक काय रवला?"

वडिलांनी मामाच्या पुढ्यातली बशी उचलली आणि परत दादासमोर ठेवली. एवढंच. त्यांच्याकडे हो म्हणायची तीच रीत असावी.

परतताना दादाने टोपी घातली नाही, पंचा गुंडाळला. टोपी आजीने ठेवून घेतली होती. वाडीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होतो, दादाचा एक कान अजून लाल. मी माफी मागायची म्हणून केव्हाची शब्द जुळवत होते. तेवढ्यात तोच म्हणाला, "टोपी उबदार हा हां." आणि मामाला वेळ विचारायला गेला. त्याने ह्या विषयावर जन्मात आणखी एक शब्द काढला नाही. मी मात्र त्या वाक्यावर अनेक वर्षं टिकून राहिले आणि पुढे पुष्कळ लोकांना टोप्या विणून दिल्या. विकतच्या लोकरीच्या.

घरी आईने सगळं मामाकडून ऐकलं. मामाने कावीळ गाळून सांगितलं. आई उठून हळदीचा रिकामा डबा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेली.

लग्न वैशाखात, बेळगावलाच झालं. आमचं वऱ्हाड दोन गल्ल्या सोडून एका घरात उतरलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दादाला हळद लागली, ह्या वेळी सुवासिनी बोलावून, रीतसर. हळद आईने स्वतः कुटली. मी मदतीला पुढे झाले तर तिने भांडं दुसऱ्या मांडीवर घेतलं. पण उष्टी हळद नेण्याचा मान करवलीचा, त्यातून मला काढता येईना. वाटी आईने माझ्या हातात दिली ती दोन्ही हातांनी धरायला लावून, आणि बरोबर एक काकी दिली. काकी हळदीवर लक्ष ठेवायला होती की माझ्यावर, कोण जाणे.

नवरी पाटावर बसली होती. भोवती बायका, ओव्या, गडबड. भिंतीशी आजी. तिच्या मांडीवर तिचा पणतू, आणि त्या उकाड्यात त्याच्या डोक्यावर माझी टोपी. धुऊन धुऊन ती एकाच रंगाची झाली होती, ना पिवळा ना लाल, पण कुर्ल्या बोटाला लागत असाव्यात, कारण म्हातारी त्यांच्यावरून हात फिरवत होती.

तोवर होणाऱ्या वहिनीचं आणि माझं बोलणं झालं होतं ते मोजकं, आणि तिच्याकडून सगळं शाळेतल्यासारखं शुद्ध. मला खात्री होती की ती मला वेडी समजते आणि चांगल्या वळणाची असल्यामुळे बोलून दाखवत नाही. मी वाटी घेऊन वाकले. बोटं हळदीत बुडवली आणि तिच्या गालाला लावणार, एवढ्यात तिने माझं मनगट धरलं, वाटीत डोकावून बघितलं आणि बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, आजीच्या बोलीत विचारलं:

"ही तरी गाळून हाडलंस मां गो?"